सात सूर्यांचं साम्राज्य

"हजार वर्षं अजिंक्य राहिलेल्या, सात सूर्यांच्या साम्राज्यात तुमचं स्वागत असो!" सत्यजीत गरजला. इक्बालने जांभई दिली.

फासे टाकून काल्पनिक दुनियेत फिरायचा हा खेळ अमेरिकेतल्या मामेभावाने पनवेलला पाठवला होता. त्यासाठी सत्यजीतने दोन वह्या भरून राजघराणी रचली होती. मागच्या साम्राज्यात मित्र दुसऱ्यांदा फिरकलेच नव्हते.

"राजधानीत नळाला पाणी किती वाजता येतं रे?" इक्बालने विचारलं.

हे वह्यांत नव्हतं. "चोवीस तास," सत्यजीतने ठोकून दिलं.

रेवा सावरून बसली. "वरच्या मजल्यावरपण?"

"गच्चीपर्यंत."

दोघांनी झडप घालून फासे उचलले. सत्यजीतचा जीव भांड्यात पडला.

"पुढच्या रविवारी आईला आणू का रे?" रेवाने हळूच विचारलं. "खेळणार नाही ती. नुसती बघत बसेल."