चरित्रातलं नाव

“काका, सापडलं का तुमचं नाव?”

ग्रंथपाल भुवनेश्वरीनं विचारलं तसं उत्तरेश्वरनं पुस्तक पटकन मिटलं.

“न्हाय,” तो म्हणाला. “एवढ्या मोठ्या माणसाच्या चरित्रात आमचं नाव कशाला येतंय?”

नाव आलं होतं. दोनशे चौदाव्या पानावर, आडनावासकट.

सोनारीजवळच्या त्या छोट्या गावातल्या वाचनालयात सोमवारी नवीन पुस्तकांचा गठ्ठा आला होता. निजामाच्या काळातल्या गावांचा इतिहास, निवडणुकांवरची दोन जाड पुस्तकं आणि चार चरित्रं. त्यातलं एक आबासाहेबांचं. आबासाहेब पाच वेळा आमदार झाले आणि पस्तीस वर्षं उत्तरेश्वर त्यांचा कार्यकर्ता होता. त्यानं सतरंज्या अंथरल्या, भिंती रंगवल्या, सभा उभ्या केल्या. म्हणून भुवनेश्वरीनं शिक्का मारून ते पुस्तक सगळ्यांत आधी त्याच्याच हातात दिलं होतं.

चरित्रकारानं आबासाहेबांच्या डायरीतला मजकूर जसाच्या तसा छापला होता.

‘परंड्याची सभा. भाषणाआधी उत्तरेश्वरला निरोप आला. मुलगा तापानं फणफणलाय, झटके येतायत. मी म्हणालो, माझी जीप घेऊन जा, पोराला बार्शीला ने. तो म्हणाला, सभा झाली की जातो. मी पुन्हा आग्रह केला नाही.’

खाली आठ दिवसांनंतरची नोंद होती. ‘मुलगा वाचला नाही. आज त्यांच्या घरी गेलो. बाईनं दार लावून घेतलं. मीच त्याला जाऊ दिलं नाही, असं त्यानं तिला सांगितल्याचं गावात कळलं. खुलासा केला नाही. पोर तर गेलंच, संसार तरी राहू दे.’

या गोष्टीला तीस वर्षं झाली होती. त्याचा मुलगा बालाजी तेव्हा सहा वर्षांचा होता. उत्तरेश्वरची बायको हरणाबाई त्याला खांद्यावर टाकून एकटीच फाट्यावर गेली आणि एसटीची वाट बघत बसली. गाडी यायच्या आत पोर मांडीवरच गेलं. दिवस मावळताना उत्तरेश्वर घरी आला. तिनं एवढंच विचारलं, “निरोप मिळाला न्हवता का?”

“मिळाला. आबासाहेबांनी जाऊ दिलं न्हाय.”

बोलून गेला तो. मग ते वाक्य परत घेता आलं नाही.

त्या दिवसापासून हरणाबाईनं आबासाहेबांना शिव्याशाप द्यायला सुरुवात केली. ते गावात आले की ती रानात निघून जायची. तीन वर्षांपूर्वी ते वारले. सारं गाव मातीला गेलं, ती खुरपायला गेली. उत्तरेश्वरला मात्र ती कधी एका शब्दानं टाकून बोलली नाही.

“शनिवारपर्यंत आणून द्या बरं का, काका,” भुवनेश्वरी म्हणाली. “चौघांनी नंबर लावलाय. तुमची समृद्धी पण मागत होती.”

समृद्धी त्याची नात. वाचनालयातलं पुस्तक नेलं की आजीजवळ बसून मोठ्यानं वाचायची.

वाटेत पिंपळाच्या पारावर बसून उत्तरेश्वरनं पुन्हा ते पान काढलं. फाडावं असं मनात आलं. शिवणीपाशी नखानं दाबूनही बघितलं. मग त्याची त्यालाच शरम वाटली. आबासाहेबांनी जिवंतपणी तोंड उघडलं नव्हतं, आणि आता तो मेलेल्या माणसाचंही तोंड बंद करायला निघाला होता.

हरणाबाई ओसरीत उडीद निवडत बसली होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

“ऐक. आबासाहेबांच्या पुस्तकातलं वाचतो.”

“त्या माणसाचं मला काय बी ऐकायचं न्हाय.”

“माझं हाय त्यात. माझं म्हणून ऐक.”

त्यानं वाचायला घेतलं. जीपची ओळ दोनदा वाचली. संसाराच्या ओळीपर्यंत सगळं वाचलं, काही गाळलं नाही.

“म्या खोटं बोललो, हरणा,” तो म्हणाला. “त्यांनी जा म्हटलं हुतं. गाडी देत हुते. मला वाटलं, एवढी मोठी सभा, माझ्या हातानं उभी केलेली. साहेबांचं भाषण सोडून कसं जायाचं? नुसता ताप हाय, उतरंल. जलमभर तू त्यांना शिव्या दिल्यास. त्या माझ्या हुत्या.”

हरणाबाईचे हात सुपातच थांबले होते. मग तिनं सूप बाजूला सरकवलं.

“तेराव्याच्या आदल्या दिशी त्यांचा डायव्हर रामलिंग आला हुता,” ती म्हणाली. “तुमी घरी न्हवता. लई रडला. म्हणला, वहिनी, म्या गाडी चालू करून बसलो हुतो, पर भाऊ आलेच न्हायीत.”

उत्तरेश्वरनं पुस्तक मिटलं.

“म्हंजी तवाच तुला ठावं झालं? मग त्यांना का शिव्या दिल्यास?”

“पदरात दोन वरसाचं दुसरं लेकरू हुतं. तुमच्यासंगंच नांदायचं हुतं,” हरणाबाई म्हणाली. “त्यांना शिव्या दिल्या नसत्या, तर तुमाला ताट वाढणं मला जमलं नसतं.”