शेवटच्या बोटीचं उत्तर

"फेरी, धक्क्याला लागू नका. आल्या पावली वळा आणि खोल पाण्यात जा."

वायरलेसवरचा आवाज कप्तानाच्या बायकोचा होता. धक्क्यावरच्या नियंत्रण खोलीत तीच बसायची. बंदर हाकेच्या अंतरावर आलं होतं आणि उतारू पिशव्या उचलून दाराशी उभे होते.

"दूर कुठेतरी समुद्राच्या तळाशी मोठा भूकंप झालाय," ती म्हणाली. "लाट निघालीय. दुपारपर्यंत इथे पोचेल. गाव टेकडीवर चाललंय."

"आणि तू?"

"वायरलेसवर तू-मी करू नका. सगळ्या बोटींचं उत्तर आलं की निघते. नियमच आहे तो."

कप्तानाने नियमाला एक सणसणीत शिवी हासडली आणि सुकाणू फिरवलं. बंदर पाठीमागे जाऊ लागलं तशी फेरीवर एकच गलका झाला. एक आजोबा चहाचा पेला हातात धरूनच केबिनच्या दाराशी आले.

"घर समोर दिसत असताना आम्हाला लाटेच्या तोंडी नेताय?"

"आजोबा, खोल पाण्यात ती हातभरही उंच नसते. विमानाच्या वेगाने जाते, पण तुमचा चहासुद्धा हिंदकळणार नाही. किनाऱ्याशी उथळ पाणी लागलं की पुढचं पाणी रेंगाळतं आणि मागचं त्याच्यावर चढत जातं. तिथे तिची भिंत होते, आणि ती यायच्या आधी किनाऱ्याचं पाणी पार आत ओढलं जातं."

आजोबांना ते फारसं पटलं नाही. खरं सांगायचं तर कप्तानाने तरी ते प्रशिक्षणात ऐकलं होतं, एवढंच. अशी लाट त्याने जन्मात पाहिली नव्हती.

तासाभरात एकेका बोटीचं उत्तर येत गेलं. राहिली होती फक्त मच्छीमारांना बर्फ पोचवणारी बोट. तिचा मालक दिवसभर वायरलेस बंद ठेवून गाणी ऐकायचा आणि धक्क्याजवळ आल्यावर, दोर घ्यायला कोणीतरी या, एवढं सांगण्यापुरता तो चालू करायचा. साऱ्या बंदराने त्याला कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

कप्तानाचा मेहुणा फेरीचं इंजिन सांभाळायचा. तो हात पुसत वर आला.

"ताई निघाली ना, भावोजी?"

"बर्फवाला बोलत नाही. त्याच्यासाठी बसलीय."

मेहुण्याचा चेहरा उतरला. ताईचा गुडघा कसा आहे, हे दोघांनाही ठाऊक होतं. टेकडीची वाट धडधाकट माणसालाही दमवणारी होती. कप्तानाने पुन्हा वायरलेस उचलला.

"धक्का, वेळ होत आली. निघ आता."

"तो एकटा नाहीये. बोटीवर आणखी दोघं आहेत."

"मी हाका मारतोय त्याला. तू निघ."

"तुम्ही फार लांब गेलात. त्याला ऐकू जाणार नाही."

ते खरंच होतं. मग कप्तानाने वायरलेस तोंडापासून जरा दूर धरला आणि नाकातून, शब्द ओढत म्हणाला, "धक्का... बर्फवाला बोलतोय... ऐकलं... वळतोय मी."

जेवताना हीच नक्कल करून त्याने बायकोला ठसका लागेपर्यंत हसवलं होतं. आता पलीकडून बराच वेळ नुसती खरखर आली.

"ठीक," ती म्हणाली, आणि मग काहीच नाही.

मेहुणा त्याच्याकडे बघतच राहिला. "आणि तो खरोखर धक्क्याला आला तर?"

"तुला बहीण हवी की बर्फवाला?"

मेहुणा खाली इंजिनाकडे गेला नाही, तिथेच उभा राहिला. कप्तानाला हायसं वाटलं आणि स्वतःची लाजही वाटली. तीन माणसं होती त्या बोटीवर. बायको चढाला लागली असेल, अर्ध्या वाटेवर असेल, असं तो मनाशी घोकत राहिला.

लाट पोचायची वेळ आली आणि टळली. समुद्र नुसता पडून होता. आजोबांनी पेल्यात पाहिलं, मग कप्तानाकडे पाहिलं.

"काय हो, कुठे आहे तुमची लाट?"

"गेली असेल. आपल्या खालून."

मागे कोणीतरी हसलं. तेवढ्यात वायरलेस खरखरला.

"धक्का, दोर घ्यायला आहे का कोणी?" आवाज बारीक येत होता, पण तो अस्सल बर्फवाला होता. "अहो, धक्क्याच्या खांबांचं पार बूड दिसायला लागलंय. पाणी गेलं कुठे सगळं?"

कप्तानाने वायरलेसवर झडप घातली. पण त्याने बटण दाबायच्या आत दुसरा आवाज आला, शांत आणि खणखणीत.

"बर्फवाला, बोट वळव. पाणी ओढतंय तिकडेच जा, असेल नसेल तेवढा जोर लाव. मागे बघू नकोस."

"ऐकलं, बाई. वळतोय."

"ताई तिथेच आहे," मेहुणा म्हणाला. कप्तानाने बटण दाबलं. मग तसंच सोडलं.

"अहो," ती म्हणाली. वायरलेसवर तिने त्याला अशी हाक आजवर कधी मारली नव्हती. "बर्फवाल्याचा आवाज तुम्हाला कधीच जमला नाही. आली आता सगळ्यांची उत्तरं. निघते मी."