मधली पट्टी

"अक्का, रेघ तुमी मारायची," स्नेहल म्हणाली, आणि खडू भारतीच्या हातात देऊन मागं सरली.

भारती समोरच्या उभ्या स्लॅबकडे बघत राहिली. पांढराशुभ्र, त्यातून तिरकी गेलेली एक जाड राखाडी शीर आणि तिला फुटलेल्या बारीक शिरा. दिसायला संगमरवर, पण संगमरवर नव्हे. दुकानवाले कल्याणशेठ मघापासून तेच समजावत होते. हा क्वार्ट्झ, दगडाचा चुरा दाबून कारखान्यात केलेला. हळद सांडली तरी पुसून निघते. फक्त गॅसवरचा तवा उचलून थेट ठेवायचा नाही. हॉटेलवाले, दवाखानेवाले आता हाच नेतात. भारती मान हलवत होती, पण कानात काही शिरत नव्हतं.

घराची वाटणी झाली होती. तिचा नवरा महेंद्र थोरला, स्नेहलचा करण धाकटा. दोघं भाऊ रस्त्यापलीकडच्या टपरीवर एकाच बाकड्यावर पाठीला पाठ लावून चहा पीत होते. स्वयंपाकघराच्या मधोमध भिंत उभी राहिली होती आणि जुना ओटा फोडून आता दोन व्हायचे होते. दोन्ही एकाच स्लॅबमधून काढायचे, म्हणजे पुढं कुणी कुणाचा ओटा उजवा म्हणायला नको. रीत घरातलीच होती. थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. शेताचं तसंच झालं, भांड्यांचंही तसंच.

भांडी वाटून झाली त्या संध्याकाळी स्नेहलची ओवी आपली छोटी ताटली घेऊन भिंतीपाशी येऊन उभी राहिली होती. तव्यावरच्या पहिल्या भाकरीचा पापुद्रा रोज तिचा असायचा, आणि तो भारतीच्या हातचा. पोरीला दात आल्यापासून यात खंड नव्हता. विटांच्या पलीकडून तिनं हाक मारली तेव्हा भारतीची भाकरी तव्यावरच करपली. आता यायचं तर पुढच्या दारानं, रस्त्यावरून. रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर. तीन वर्षांच्या पोरीला कोण सोडणार?

कल्याणशेठनी आठवण करून दिली की दोन ओटे काढून हातभर रुंदीची पट्टी उरते. ती वरच्या कडेला सोडा म्हणाले, म्हणजे दगड वाया जात नाही.

भारतीनं कडेला सोडली नाही. तिनं दोन आडव्या रेघा ओढल्या. एक ओटा वरचा, एक खालचा, आणि उरलेली पट्टी मधोमध. जाड शीर नेमकी तिथंच सगळ्यांत भरली होती.

शेठ हळहळले. "वहिनी, स्लॅबचा जीव सगळा पट्टीत गेला की हो."

"जाऊ द्या," भारती म्हणाली. "आमच्या दोघींत कुणाकडंच नको तो."

मग ती बाजूला झाली. आता पाळी स्नेहलची. स्नेहल स्लॅबजवळ गेली, वरचा भाग बघितला, खालचा बघितला. बोटानं शिरेचा माग काढत आली आणि मधल्या पट्टीवर तळवा टेकवला.

"मला ही पायजे."

शेठ हसले. ओटा कसा व्हायचा यात, असं त्यांनी समजावून सांगितलं. ओटा अक्का देतील तो चालेल, स्नेहल म्हणाली. वरचा द्या, खालचा द्या. ही पट्टी तिला खिडकीला घालायची होती.

"कुठल्या खिडकीला?" भारतीनं विचारलं.

"मधल्या भितीच्या."

"भितीला खिडकी कुठंय, बाई?"

"गिलावा झालाय का अजून? चार इटा काढायला किती येळ लागतो?"

भारतीनं टपरीकडे पाहिलं. बाकड्यावरच्या दोन्ही पाठी तशाच होत्या. "त्यान्ला इचारलंस?"

"भित घालताना आपल्याला कुनी इचारलं हुतं?"

शेठनी खिशातून टेप काढला आणि दोघींकडे पाहून घेतलं. खिडकी ओट्याच्या वर येणार ना, मग जमिनीपासून चार फूट धरू, म्हणाले.

"ओट्यावर न्हाई," भारती म्हणाली. आवाज तिचा तिलाच नवा वाटला. "ओटा संपतो तिथं. दाराकडच्या अंगाला."

"बरं. किती उंचीवर?"

तिनं हात पुढं केला. कमरेपाशी आणला, मग आणखी खाली नेला आणि तळवा तिथं हवेत थांबवला. शेठ टेप तसाच धरून उभे राहिले. एवढ्या खाली खिडकी त्यांनी आजवर कुणाच्या घरात पाहिली नव्हती, आणि ते त्यांनी बोलूनही दाखवलं.

स्नेहलनं तिच्या हातातला खडू घेतला, तिला हलकेच शेडच्या खांबापाशी आणलं, आणि तळव्याच्या खाली खांबावर रेघ मारायला वाकली. वाकली आणि थांबली.

"अक्का, जरा वर घेऊ का? पोरगी वाढती हाय."

"नको," भारती म्हणाली. हात तिनं तसूभरही हलवला नाही. "वाढंल तवा वाकंल. आत्ता पोचू दे."