विहीर क्रमांक सहा

“संशोधनाचा अनुभव?” अध्यक्षांनी विचारलं.

“सतरा वर्षं टायपिंग,” ती म्हणाली.

उजवीकडचे चष्मेवाले प्राध्यापक खुदकन हसले. त्यांचा स्वतःचा प्रबंध तिनंच टाइप केला होता. “ताई, समारोप तेवढा तुम्हीच जुळवा ना,” म्हणत तिच्या दुकानात चार दुपारी त्यांनी स्टूल झिजवलं होतं. आज ते तिला ‘उमेदवार’ म्हणत होते.

शिष्यवृत्ती एकच होती. पुढच्या महिन्यात ती वयाच्या अटीबाहेर जाणार होती. बी.ए., एम.ए. तिनं दुकान सांभाळून बाहेरून केलं, प्रवेश परीक्षाही काढली. पण गावोगाव फिरून मोजमापं घ्यायची तर दुकान बंद ठेवावं लागणार, आणि घर चालत होतं दुकानावर. शिष्यवृत्ती मिळाली तर संशोधन. नाही मिळाली तर उद्या सकाळी शटर वर करायचं आणि दुसऱ्यांची डॉक्टरकी टाइप करत बसायचं. निघताना सासूबाई म्हणाल्या होत्या, “भांडून आलीस तरी चालेल. रडून येऊ नकोस.”

“विषय सांगा,” समितीतल्या तिसऱ्या सदस्य, एक बाई, म्हणाल्या. त्या बाहेरच्या, दुसऱ्या विद्यापीठातून आल्या होत्या. समोरचा अर्ज खरोखर वाचून आलेल्या तेवढ्या त्याच.

“एका खोऱ्यातल्या तीस विहिरी. त्यांच्यावर आजवर अकरा प्रबंध झालेत.”

“मग बारावा कशाला?” चष्मेवाले म्हणाले.

“कारण अकराही प्रबंधांत विहीर क्रमांक सहाचं पाणी एक्केचाळीस फुटांवर आहे.”

“बरोबर आहे. मी स्वतः मोजलंय.”

“सर, ती विहीर बावीस फूट खोल आहे.”

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला.

“मी गेल्या उन्हाळ्यात दोर सोडून मोजली. पाणी चौदा फुटांवर होतं. तुम्ही मोजलेलं पाणी तळाच्या खाली एकोणीस फूट आहे. तिथं कसे पोचलात, तेवढं मला शिकायचंय.”

बाहेरच्या बाईंनी खोकल्याचं निमित्त करून तोंडावर रुमाल धरला.

“यातले आठ प्रबंध मी टाइप केले,” ती म्हणाली. “पहिला सोडून दर वेळी विचारलं, हा आकडा नक्की ना? सातही जण म्हणाले, ताई, स्वतः विहिरीवर जाऊन आलोय. मग मागच्या वर्षी त्या विहिरीजवळच्या वस्तीतले एक काका अर्ज टाइप करायला आले. पंप मागत होते. आधीचा अर्ज नामंजूर झाला होता. शेरा होता, अभ्यासानुसार पाणी आवाक्याबाहेर. काका म्हणाले, ‘पोरी, आमच्या विहिरीला पाणी आहे गं. कागदाला नाही.’ त्यांच्या सुना अजून हातानं पोहरा ओढतायत. म्हणून मी अर्ज केलाय. तीसही विहिरी पुन्हा मोजणार, आणि हा आकडा कुठून कुठं गेला ते लिहिणार.”

अध्यक्षांचे कान लाल झाले होते. अकरांतला पहिला प्रबंध त्यांचा होता. उरलेले दहा त्यांच्या हाताखाली झाले होते.

“मी विहिरीत उतरलो होतो,” ते टेबलावर बोट आपटत म्हणाले. “कमरेला दोर बांधून. गुडघा फोडून घेतला. माझ्या वहीत चौदाच आहे. माझ्यावर खोटं मोजल्याचा आळ घेऊ नका!”

“नाही घेत, सर. तुमच्या हस्तलिखितात चौदाच होतं. चौदाचे एक्केचाळीस मी केले. ते माझं पहिलं काम होतं. बोटं उलटी पडली.”

अध्यक्षांनी पाठ खुर्चीला टेकवली. चष्मेवाल्यांनी चष्मा पुन्हा चढवला.

“म्हणजे चूक तुमची,” ते म्हणाले, “आणि तीच शोधायला शिष्यवृत्तीही तुम्हालाच? वा! उद्या घर पेटवणारा बंब मागायला येईल.”

हसू दोघांच्याच तोंडावर होतं. विद्वान माणूस सुटला, की आधी खालच्याकडे बोट दाखवतो. मग त्याला हसू येतं.

ती हसली नाही आणि मान खालीही घातली नाही. “चूक माझीच. प्रस्तावाच्या पहिल्या पानावर तसं लिहिलंय. पहिलं वाक्यच ते आहे.”

दोघांनी एकदमच पानं उलटायला घेतली. बाहेरच्या बाईंना गरज पडली नाही. त्यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं.

“मला एकच सांगा. ही चूक तुमच्या लक्षात कधी आली?”

“प्रबंध बांधून दिला, त्याच आठवड्यात. उरलेली प्रत चाळताना.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“सांगितलं ना. हस्तलिखित घेऊन सरांच्या घरी गेले. म्हटलं, एक पान बदलून पुन्हा बांधून देते, एका दिवसाचं काम आहे. सर म्हणाले, आता बांधणी कुठं उसवत बसतेस? राहू दे. वाचतंय कोण!”

अध्यक्षांनी उघडलेला प्रस्ताव मिटला. आठवत नाही, असं ते म्हणाले नाहीत. बाहेरच्या बाईंनी गुणपत्रिका पुढे ओढली आणि पेनाचं टोपण काढलं.

“मी वाचत होते, सर,” ती म्हणाली.