चमचा

टेलरमास्तरांच्या लेकीला छोट्या जादूगारांच्या गोष्टींचं भारी वेड. आईने अंथरूण धरल्यापासून तर तिने त्या पुस्तकांचा फडशाच पाडला होता. रोज सकाळी शाळेत जाण्याआधी ती टेबलावरच्या चमच्यावर पेन्सिल रोखून मंत्र पुटपुटायची. चमचा आपला ढिम्म! मग ती एक सुस्कारा सोडायची, आतल्या खोलीत आईकडे डोकावायची आणि दप्तर उचलायची.

तो सुस्कारा मास्तरांच्या जिव्हारी लागायचा.

"एवढीशी हौस तरी पुरवू या पोरीची," ते बायकोला म्हणाले. तीही कितीतरी दिवसांनी हसली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हातशिलाईचा पारदर्शक नायलॉनचा दोरा चमच्याला बांधला आणि त्याचं टोक बोटाला गुंडाळून गुपचूप मशीनवर जाऊन बसले. आत बायको कान देऊन पडली होती.

लेकीने मंत्र म्हटला. मास्तरांनी हळूच बोट ओढलं आणि चमचा सरसर सरकला.

"अगं, बघ बघ! आली की तुझ्यात शक्ती!" मास्तर खुशीत ओरडले.

पोरीच्या हातातली पेन्सिल गळून पडली. चेहरा पांढराफटक झाला. आतल्या खोलीकडे धावत सुटत तिने टाहो फोडला,



"बाबा, आपली आई गेली! पुस्तकात आई गेल्यावरच मुलांना शक्ती येते!"