दुसरी किल्ली

कपाटाच्या वरच्या खणात मेणाचा थेंब पडला होता. उपासनानं तो नखानं खरवडला. तिच्या खोलीत मेणबत्ती नव्हतीच.

म्हणजे पुन्हा कुणीतरी येऊन गेलं होतं. दाराचं कुलूप शाबूत होतं, आणि दुसरी किल्ली एकट्या अक्काताईंकडे, खालच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकिणीकडे. बेळगावात कंग्राळीच्या बाजूला दुपारची वीज जाते, त्यात कपाट अंधाऱ्या कोपऱ्यात. बाईंनी मेणबत्ती धरून शोधाशोध केली असणार. एवढं उमगायला फार डोकं लागत नव्हतं.

शोधण्यासारखी तिथं एकच गोष्ट होती. साड्यांच्या मागं उभी करून ठेवलेली तसबीर. बुद्ध आणि बाबासाहेब, एकाच चौकटीत. वडिलांनी निपाणीत घेतलेली. तिच्या काचेवरची धूळ गेली होती. कुणीतरी हातात घेऊन, पुसून, नीट बघितलं होतं.

बेळगावातली ही उपासनाची तिसरी खोली. पहिल्या खोलीत तिनं तसबीर सरळ भिंतीवर लावली. मालक नळ बघायला म्हणून आत आले, आणि चौथ्या दिवशी त्यांचे पाहुणे राहायला यायचे निघाले. दुसऱ्या ठिकाणी पाहुण्यांऐवजी रंगकाम निघालं, एवढाच फरक. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. इथं आल्या दिवशीच तसबीर कपाटात गेली, आणि आईला निपाणीहून आणायचं लांबणीवर पडलं. आई रोज सकाळी मोठ्यानं वंदना म्हणते. तिला हळू म्हण असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

जाधव आडनाव ऐकून कुणी फार खोदत नाही. खोली ठरली त्या दिवशी शेजारच्या जयाबाईंनी मात्र आपल्या अंगणातूनच विचारलं होतं, "आपल्यातलीच हाय न्हवं?"

"बघूनच ठेवलंय," अक्काताई म्हणाल्या, आणि चष्मा लावून त्यांनी भाडेकरारावर सही केली. न सांगता मालकानं खोलीत यायचं नाही, हे कलम उपासनानं हट्टानं घालून घेतलं होतं.

दवाखान्याच्या लॅबमध्ये तिच्याबरोबर काम करणारी माधवी सगळं ऐकून म्हणाली, "कागद दाखव की त्यास्नी. घाबरतीस कशाला?"

"कागद दाखवीन, आणि त्या म्हणतील खोली सोड. मग?"

"मग अशीच जीव मुठीत धरून ऱ्हाणार व्हय?"

जिन्याशी अक्काताई दिसल्या की उपासनाची मान आपोआप खाली जायची. न सांगता शिरल्या त्या, आणि चोरासारखी वावरत होती ही. याची तिला चीड यायची आणि लाजही वाटायची.

बाई तशा वागायला वाईट नव्हत्या. गरम भाकरी झाली की सुनेच्या हाती वर पाठवायच्या. सून सौम्या उचगावची, बोलकी, पण तिचं सगळं बोलणं माहेरच्या भावकीचं आणि कुणाची सोयरीक कुठं जुळली याचं. अक्काताई फारसं बोलत नसत. नवरा गेल्यापासून त्या दर पौर्णिमेला पांढरी साडी नेसून उपास धरतात, हे साऱ्या गल्लीला माहीत होतं.

अशाच एका पौर्णिमेला लॅबमधलं यंत्र बिघडलं आणि उपासना दुपारीच परत आली. जिना चढून वर पोचली तर कुलूप कडीला लटकत होतं. दार नुसतं लोटलेलं.

तिनं दार ढकललं. कपाट सताड उघडं होतं. साड्या घडी न मोडता खाटेवर काढून ठेवलेल्या. पाठमोऱ्या अक्काताई कपाटापुढं उभ्या होत्या. हातात पेटती मेणबत्ती, आणि तसबीर खणाच्या कडेपर्यंत पुढं ओढलेली.

या वेळी उपासनाची मान खाली गेली नाही.

"बघून झालं न्हवं?" तिचा आवाज तिलाच वाटला नव्हता एवढा मोठा निघाला. "व्हय, आम्ही बौद्ध. लपवलं ते माझं चुकलं. पर माझ्या खोलीत न इचारता शिरायचा तुमास्नी हक्क न्हाय. आता पाहुणे येणार हायत म्हणून सांगू नगासा. महिना संपला की मीच जाते. तवर ही तसबीर भिंतीवरच ऱ्हाणार."

अक्काताई वळल्या. मेणबत्ती खणात टेकवून त्या लगबगीनं तिच्या बाजूनं गेल्या आणि त्यांनी दाराला आतून कडी घातली. त्यांचे डोळे भरून आले होते.

"हळू बोल, पोरी," त्या म्हणाल्या. "खाली सौम्या हाय. तिचं लगीन होऊन अकरा वर्षं झाली, मीबी तुमच्यातलीच हे अजून तिला ठावं न्हाय."