मायाक्काच्या कण्या

गिरणीचा पहिला भोंगा झाला की मायाक्काला भांडी घासायला बाहेर पडावं लागे. सकाळी चूल पेटवायला सवड कुठली? ती आदल्या संध्याकाळीच ज्वारीच्या कण्या शिजवून रात्रभर ताकात भिजत ठेवायची आणि सकाळी उभ्या उभ्या ओरपून पळायची. ताक मिळायचं भवानी पेठेतल्या मास्तरांच्या घरून. मागच्या दारी तिच्या तांब्यात वरून ताक ओतताना मास्तरीणबाई रोज नाक मुरडायच्या, "कसं गं खाता असलं आंबलेलं, शिळं?"

पुढं मास्तरांचं पोट बिघडलं. काढे झाले, चूर्णं झाली, आणि शेवटी वैद्यांनी रात्रभर ताकात भिजवलेल्या कण्याच खायला सांगितल्या. बाईंनी मायाक्कालाच कृती विचारली.

"लई सोपं हाय की, बाई!" म्हणत तिनं हौसेनं सगळं समजावून दिलं.

मास्तरांना कण्या मानवल्या. मग घरातली बाकीची माणसंही वाटी पुढं करू लागली.

त्या आठवड्यात मायाक्कानं नेहमीसारखा मागच्या दारी तांब्या ठेवला.

"ताक आता उरत नाही गं," बाई म्हणाल्या. "आणि तू तरी किती दिवस असलं शिळं खाणार?"